खिमा-भात पाऊण तासात: सगळा हिशेब पाण्याचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत नोकरीला, घर वाकडला, दाराचं कुलूप उघडेपर्यंत सव्वाआठ. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी व्हिडिओत ‘ग्राउंड बीफ’ आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवून अर्ध्या तासात जेवण तयार झालेलं पाहिलं. तेच इथे मटणाच्या खिम्यावर करून बघितलं, तर खिमा राखाडी, उकडल्यासारखा, गोळे गोळे झालेला, आणि भाताचा गिच्च लगदा. मग खिमा कोणता घ्यायचा, तांदूळ कोणता, चुकतंय कुठे, आणि सहा वर्षांच्या मुलालाही चालेल असं हे पाऊण तासात जमेल का?

जमेल. कर्वेनगरात मांसाहारी डबे देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि खिमा-भात हा डब्यात सगळ्यात जास्त मागितला जाणारा पदार्थ. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मसाला चुकलेला नाही, कुकरही बिघडलेला नाही. चुकलाय तो पाण्याचा हिशेब. खिम्यात पाणी असतं, कांद्यात असतं, टोमॅटो तर जवळजवळ पाणीच, भिजवलेल्या तांदळाने थोडं आधीच पिऊन ठेवलेलं असतं, आणि त्यावर आपण पाकिटावर लिहिलंय म्हणून दुप्पट पाणी ओततो. एवढं पाणी एका भांड्यात आल्यावर दुसरं काय होणार?

आधी त्या व्हिडिओबद्दल, कारण अर्धा गोंधळ तिथूनच आलाय. अमेरिकेत दुकानात जो बीफचा खिमा मिळतो त्यात चरबी भरपूर असते. तिथे सर्रास खपतो तो ८०-२०, म्हणजे ऐंशी टक्के मांस आणि वीस टक्के चरबी. तो नुसत्या गरम तव्यावर टाकला तरी स्वतःच्या चरबीत खरपूस होतो, आणि शेवटी इतकी चरबी सुटते की ती काढून टाकायला सांगतात. आपल्याकडचा बोकडाचा खिमा त्या मानाने कोरडा, चरबी बेताची. तो तेलाशिवाय टाकलात तर चिकटणार. आणि कढईत जे पातळ सुटलेलं दिसतं ते तेल नव्हे, पाणी. ते काढून टाकलंत तर चव गेली; तसंच ठेवून पुढे गेलात तर खिमा उकडला. ते आटवायचं असतं. त्या कृतीत ही पायरी नाही, कारण तिथल्या खिम्याला तिची गरज फारशी पडत नाही.

आता कोणता खिमा घ्यायचा ते. ज्यांना मूळ पदार्थाच्या जवळ जायचं आहे त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी आणि रेडे त्या बंदीत नाहीत. म्हणून पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये किंवा कोंढव्याकडे जे ‘बडे का’ किंवा ‘मोठ्याचं’ म्हणून मिळतं ते म्हशीचं-रेड्याचं मांस. रंगाने गडद, धागा जाड, चरबी कमी आणि मटणापेक्षा बरंच स्वस्त. ज्यांच्या घरात ते चालतं त्यांना आठवड्याच्या मधल्या दिवशी याच्याइतका परवडणारा खिमा दुसरा नाही. फक्त तो शिजायला वेळ घेतो, त्याचा मार्ग पुढे सांगते. बाकी बहुतेक घरांत बोकडाचा नाहीतर कोंबडीचा. कृती मी बोकडाच्या खिम्यावर सांगणार आहे.

खाटकाकडे गेल्यावर नुसतं ‘अर्धा किलो खिमा द्या’ म्हणू नका. मांडी आणि खांद्याचं मांस निवडून घ्या, त्यात थोडी चरबी ठेवायला सांगा. अर्ध्या किलोला लिंबाएवढी पुरते. तुकडे तिथेच धुवून, निथळून घ्या आणि मग तुमच्यासमोर मशीनमधून काढायला सांगा, तेही एकदाच आणि जाड जाळीतून. दोनदा काढलेला बारीक खिमा कबाबाला छान. भातात त्याचा चोथा होतो. ‘तुमच्यासमोर’ हे महत्त्वाचं आहे, कारण ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेल्या खिम्यात काय काय आणि कधीचं आहे ते बघून कळत नाही. अखंड तुकड्यावर जे जंतू असतात ते वरच्या वर असतात. खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापलीकडे कच्चा ठेवू नका.

धुण्याचा मुद्दा इथेच संपवते, कारण यावरून घरोघरी वाद होतात. घरी आणलेला खिमा पातेल्यात पाणी घालून तीन-तीनदा खळबळून धुणं म्हणजे पाण्याचा हिशेब पहिल्याच पायरीला बिघडवणं. खिमा स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. जंतू धुवून जात नाहीत, उलट सिंकभर शिंतोडे उडतात. ते मरतात शिजवल्यावर. मटणाचा खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कोंबडीचा ७४ पर्यंत गेला की काम झालं, आणि आपल्या पद्धतीच्या शिजवण्यात तो त्याच्या कितीतरी पुढे जातो. तरीही सासूबाईंसमोर न धुता टाकणं शक्य नसेल तर बारीक चाळणीत घ्या, नळाखाली एकदा धरा, वाटीच्या बुडाने दाबून पाणी काढा आणि दहा मिनिटं चाळणी तिरकी करून ठेवा.

आणायचा कधी? पुण्यातल्या बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात, काहींचा मंगळवारही, म्हणजे कामाच्या दिवसांत उरले बुधवार आणि शुक्रवार. त्या दोन संध्याकाळी दुकानासमोर गर्दी असते आणि तुम्ही तिथे पोचेपर्यंत चांगलं मांस संपलेलं असतं. म्हणून खिमा रविवारी सकाळी आणा. अडीचशे-अडीचशे ग्रॅमच्या पिशव्या करा, हवा काढा आणि लाटण्याने एका बोटाइतक्या जाडीच्या सपाट करून फ्रीझरला आडव्या ठेवा. गोळा करून ठेवलेला खिमा रात्रीपर्यंत मधे दगड राहतो. सपाट पाकीट गार पाण्याच्या परातीत वीस-पंचवीस मिनिटांत सुटतं. सकाळी निघताना फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये टाकलंत तर तेवढंही थांबायला नको. ओट्यावर मात्र दिवसभर ठेवून जाऊ नका. एकदा सुटलेला कच्चा खिमा परत गोठवायचा नाही.

रविवारचं दुसरं काम म्हणजे कांदा. खिमा-भातात सगळ्यात जास्त वेळ मटण घेत नाही, तांदूळही घेत नाही, कांदा घेतो. तीन-चार कांदे मनासारखे तांबूस व्हायला पंधरा मिनिटं सहज जातात, आणि घाईत तो अर्धवट परतला जातो. अर्धवट कांदा म्हणजे भांड्यात आणखी पाणी. एक किलो कांदा उभा पातळ चिरून, दीड वाटी तेलात मध्यम आचेवर खमंग तांबूस करून डब्यात भरा. फ्रीजमध्ये आठवडाभर उत्तम राहतो. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवलात तर महिनाभर. हिरवं वाटणही त्याच वेळी करून टाका: दोन गड्डे लसूण, दोन इंच आलं, कोथिंबिरीची अर्धी जुडी देठांसकट आणि चार मिरच्या, पाण्याऐवजी दोन चमचे तेल आणि थोडं मीठ घालून. पाणी घातलेलं वाटण चौथ्या दिवशी आंबूस लागायला लागतं.

ज्यांच्याकडे भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतं त्यांनी ते रश्श्यासाठी ठेवावं. खोबरं बुडाला लवकर लागतं आणि एका भांड्यातल्या भातात करपलेल्या खोबऱ्याची चव सगळीकडे पसरते. खोबऱ्याशिवाय चैनच पडत नसेल तर वाढताना वरून भुरभुरा.

आता तांदूळ. आंबेमोहोर आणि इंद्रायणी ही पुणेकरांची लाडकी मंडळी. इंद्रायणी तर आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली, आंबेमोहोराच्या कुळातली. वासाला दोन्ही सुरेख, पण दोन्ही चिकट. वेगळा भात लावून त्यावर खिमा घेणार असाल तर इंद्रायणीसारखं सुख नाही. एकाच भांड्यात मात्र हे तांदूळ घेऊ नका, तुमचा लगदा झाला त्यात यांचाही हात असणार. एकत्र शिजवायला सुरती कोलम किंवा वाडा कोलम घ्या. मोकळा होतो, मसाला धरतो, बासमतीइतका महाग नाही. बासमती घेतलात तर जुना घ्या, पण रोजच्या जेवणात मला कोलमच बरा वाटतो. बासमतीचा खिमा-भात चमच्याने खावासा वाटतो आणि हा पदार्थ हाताने खायचा आहे.

तांदूळ नवा की जुना, हे दुकानदाराला विचाराच. नवा तांदूळ पाणी कमी पितो, जुना जास्त. दिवाळीनंतर घरात नव्या तांदळाचं पोतं आलं की तीच कृती, तेच माप, आणि भात अचानक आसट होतो. लोक कुकरला दोष देतात.

आता प्रत्यक्ष कृती, चौघांना पुरेल अशी. तुम्ही तिघं असाल तर दुसऱ्या दिवशीच्या डब्याचीही सोय होईल. खिमा अर्धा किलो, कोलम दीड कप म्हणजे साधारण तीनशे ग्रॅम, तयार तांबूस कांदा अर्धी वाटी, हिरवं वाटण दोन मोठे चमचे, मध्यम टोमॅटो दोन, मटार अर्धी वाटी. हंगामात सासवडकडचा ताजा मटार मिळाला तर उत्तम, नाहीतर फ्रोझन. भांडं म्हणून पाच लिटरचा कुकर. लहान कुकरमध्ये खिमा एकमेकांवर चढतो, खालचा भाजला जातो आणि वरचा वाफेत शिजतो.

घरात आल्या आल्या, बूट काढायच्या आधी म्हटलं तरी चालेल, तांदूळ दोन-तीन पाण्यांतून धुवून भिजत घाला. कपडे बदलून, हातपाय धुवून येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं झालेली असतात. मग तो चाळणीत निथळत टाका. पूर्ण निथळला पाहिजे. चाळणीखाली पाणी थेंबथेंब गळतंय तोवर त्याला हात लावू नका.

कुकर मोठ्या आचेवर तापवा. तीन मोठे चमचे तेल घाला, त्यात तमालपत्र, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा, चार मिरे. वास आला की खिमा. आणि इथेच थांबा. टाकल्या टाकल्या ढवळायचा मोह होतो, तो आवरा. उलथन्याने खिमा बुडावर सगळीकडे सारखा पसरा आणि तीन मिनिटं हात लावू नका. मीठ अजून नाही, मिठाने पाणी लवकर सुटतं. हळद घातलीत तर चालेल. तीन मिनिटांनी खालून उलटा आणि पावभाजीच्या मॅशरने गाठी फोडा. उलथन्याने गाठी फोडत बसलात तर त्या इकडून तिकडे पळतात. मॅशर दोन दाबात काम करतो.

आता कान द्या. सुरुवातीला चर्र आवाज येतो. मग मिनिटा-दोन मिनिटांत खिम्याला पाणी सुटतं आणि आवाज बदलतो, बुडबुड्यांचा, उकळल्यासारखा. खिमा गुलाबीचा राखाडी होतो. बहुतेक जण इथे ‘झाला परतून’ म्हणतात आणि टोमॅटो टाकतात. तुमचा राखाडी, उकडलेला खिमा तो हाच. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान पाणी उकळतं तेवढ्यापुढे जात नाही, आणि पुण्याच्या उंचीवर पाणी शंभरच्याही जरा खाली, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मांसाला खमंग तपकिरी रंग आणि तो वास यायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे आधी पाणी संपलं पाहिजे, मग रंग. आच मोठीच ठेवा, झाकण ठेवू नका, अधूनमधून उलटत राहा. सहा-सात मिनिटांनी बुडबुड परत चर्र होते. कडेने तेल दिसायला लागतं, बुडाशी तपकिरी थर धरतो. आणखी दोन मिनिटं तसाच राहू द्या. खिमा आकाराने आक्रसलेला दिसेल, घाबरू नका, वजनात पाव भाग तरी कमी होतोच.

आता तांबूस कांदा आणि हिरवं वाटण. मिनिटभर परतलं की लसणाचा कच्चट वास जातो. मग कांदा-लसूण मसाला दोन छोटे चमचे, धने पूड एक, गरम मसाला अर्धा. कोरडे मसाले पडले की लगेच बारीक चिरलेला टोमॅटो आणि मीठ, म्हणजे मसाला करपत नाही. टोमॅटोने सोडलेल्या पाण्यात बुडाचा तपकिरी थर उलथन्याने खरवडून सोडवा. खरी चव त्या थरात आहे, शिवाय तो तसाच राहिला तर पुढे भात तिथेच लागतो. टोमॅटो पूर्ण मऊ होऊन परत तेल सुटेपर्यंत परता, चार-पाच मिनिटं. टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी असतं. ते इथे आटवलं नाही तर भाताच्या मापात येऊन बसतं.

निथळलेला तांदूळ आणि मटार घालून हलक्या हाताने दोन मिनिटं परता. दाणे तुटता कामा नयेत.

आता पाणी. नुसत्या कोलमला कुकरमध्ये दुप्पट, म्हणजे दीड कपाला तीन कप. पण आपला तांदूळ भिजलेला आहे आणि मसाला ओला आहे, म्हणून अडीच कप. नवा तांदूळ असेल तर सव्वादोन. भिजवलेला बासमती असेल तर दोन पुरतं. पाणी उकळतं घाला. गार ओतलंत तर उकळी येईपर्यंत तांदूळ नुसता भिजत पडतो आणि बाहेरून मऊ होतो. व्हिडिओत डब्यातला ब्रॉथ घालतात. आपल्याकडे त्याच्या बापाच्या जागी अळणी आहे. रविवारी मटण शिजवताना हळद-मिठाचं जे अळणी पाणी निघतं ते कपभर बाजूला काढून गोठवा आणि अडीच कपांत तो एक कप धरा. पाणी घातल्यावर चमचाभर चाखून बघा. किंचित खारट लागलं पाहिजे, कारण मीठ सगळा तांदूळ ओढून घेणार आहे. एकूण मीठ साधारण दोन सपाट छोटे चमचे होतं, पण विकतच्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं आणि अळणीतही, म्हणून चाखल्याशिवाय दुसरा चमचा टाकू नका.

झाकण लावा. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग आच अगदी मंद करून पाच मिनिटं, आणि बंद. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडू नका. आतलं पाणी एकदम खवळतं, दाणे फुटतात आणि वरचा भात ओला राहतो. दहा मिनिटं आपोआप वाफ जाऊ द्या. तेवढ्यात कांद्याची दह्यातली कोशिंबीर होते, पापड भाजून होतात, मुलाचं दप्तर भरून होतं. उघडल्यावर लगेच ढवळू नका. दोन मिनिटं वाफ निघू द्या, मग काट्याने किंवा पातळ उलथन्याने कडेने मोकळा करा, लिंबू पिळा, कोथिंबीर घाला. कुकर आचेवर चढल्यापासून पाऊण तास; सव्वाआठला तांदूळ भिजत पडला असेल तर सव्वानऊच्या सुमारास ताटं मांडलेली असतात.

कुकरवर विश्वास नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यातही होतो: पाणी तीन कप, उकळी आल्यावर पाणी तांदळाच्या पातळीला येईपर्यंत उघडं, मग झाकण ठेवून खाली तवा, मंद आच, बारा मिनिटं. चव थोडी जास्त चांगली येते, पण लक्ष जास्त द्यावं लागतं. दमून आलेल्या माणसाने कुकरच लावावा.

म्हशीचा खिमा घेतला असेल तर एक पायरी वाढते. त्याचा धागा जाड, एका शिट्टीत तो मऊ होणार नाही, आणि तो मऊ होईपर्यंत तांदूळ ठेवला तर भाताची पेज. म्हणून वरच्याप्रमाणे परतून, टोमॅटो आटवून झाल्यावर तांदूळ न घालता अर्धा कप गरम पाणी घालून आधी तीन-चार शिट्ट्या काढा. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. उघडल्यावर बरेच जण चुकतात ते पुढच्या मापात: आत आधीच रस आहे हे विसरून वर अडीच कप पाणी ओततात. खिमा झाऱ्याने एका ताटात काढा, उरलेला रस मापाच्या कपात ओता. पाऊण कप निघाला तर वर पावणेदोन कप उकळतं पाणी, एकूण अडीच. मग खिमा परत आत, तांदूळ आत, एक शिट्टी, पाच मिनिटं मंद. हा वेळ बुधवारी नसेल तर म्हशीचा खिमा रविवारीच शिजवून, त्याच्या रसासकट गोठवून ठेवा. मग तो बोकडाच्या खिम्यापेक्षाही लवकर होतो.

कोंबडीचा खिमा उलट्या स्वभावाचा. पाणी खूप सोडतो आणि शिजतो भराभर. छातीचा घेतलात तर भातात भुशासारखा लागतो. तंगडीचं मांस काढून त्याचा खिमा करून मागा. पाणी आटलं की लगेच पुढच्या पायरीला जा, मटणासारखा खरपूस करत बसू नका. गरम मसाला निम्मा करा आणि पाणी पाव कप कमी घाला. सोया खिमा घेणाऱ्यांनी तो कोमट पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळावा, मग आणखी थोड्या तेलात कोरडा होईपर्यंत परतावा. पुढचं सगळं तेच.

पुण्यातल्या गुडलक या इराणी कॅफेच्या खिमा-पावासारखी चव घरी येत नाही, अशी तक्रार अनेकांची असते. येणारही नाही, आणि भातासोबत ती हवीही नाही. इराण्याकडचा खिमा पावासाठी केलेला असतो. रस आणि तेल जास्त, कारण पाव ते शोषून घेतो. तेवढं तेल भातात घातलंत तर ताटात तवंग दिसेल.

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. हिरव्या वाटणात मिरची न घालता ते मुळातच सौम्य ठेवा आणि कांदा-लसूण मसाला एकच चमचा घाला. मोठ्यांच्या तिखटासाठी शेवटी दोन चमचे तेलात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या आणि अर्धा चमचा तिखट तडतडवून ती फोडणी आपापल्या ताटावर घ्या. मुलांना खिम्यातल्या गाठींपेक्षा अख्खे मिरे आणि लवंगा जास्त खटकतात, म्हणून त्या मोजून टाका आणि वाढताना मोजून काढा.

उरलेल्या भाताबद्दल मात्र मी कडक आहे. शिजवल्यावरही न मरणारे काही जिवाणू भातात असतात, आणि तो भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. खिमा सोबत असल्यावर तर धोका दुप्पट. रात्रभर कुकरमध्येच झाकून ठेवलेला खिमा-भात सकाळी वास घेऊन ‘चांगला आहे’ म्हणत डब्यात भरू नका. जेवण उरकलं की लगेच पसरट ताटात काढा, पंखा लावा, वाफ गेली की बंद डब्यात फ्रीजमध्ये. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत तर तासाभराच्या आत. सकाळी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, मधला घासही चटका देईल इतका गरम करा आणि मगच डब्यात भरा. ऑफिसात फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असेल तर तो तुमच्या डब्यात चालेल. मुलाच्या शाळेच्या डब्यात, जिथे तो तीन-चार तास दप्तरात राहणार, तिथे हा भात देऊ नका. त्याला पोळी-भाजीच बरी.